‘हराम आहे’ एवढं सांगून पोरं वाचत नाहीत

माझा मावसभाऊ एकवीस वर्षांचा होता. इंदापूर तालुक्यात उजनीच्या फुगवट्याला लागून त्यांचं गाव. शिकायला बारामतीत, तिघांत मिळून एक खोली. पहिल्यांदा त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तेव्हा तो वाचला. पाच दिवस दवाखान्यात होता. खालाने सगळ्यांना सांगितलं, डेंग्यू झालाय. मीही तेच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. कॉटजवळ उभा राहिलो आणि म्हणालो, “हराम काम है ये, मालूम नहीं क्या तेरेकू? अम्मी का तो सोचना था.” तो खाली बघत म्हणाला, “हां भाई.” मी मोसंबीची पिशवी ठेवली आणि निघालो. मोठ्या भावाचं कर्तव्य केलं असं मला वाटलं होतं.

चार महिन्यांनी तो गेला. या वेळी आम्ही सगळ्यांना सांगितलं, अटॅक आला.

खालाला विचारून हे लिहितोय. ती म्हणाली, “लिख. मेरा तो गया, दूसरे का बचे.” गावाचं नाव लिहू नकोस एवढंच तिने सांगितलं.

मित्रांनो, त्या चार महिन्यांबद्दल मला बोलायचं आहे. त्याच वर्षी माझ्या अब्बांचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं होतं. चाळीसएक माणसं इयादतीला येऊन गेली. कुणी शोरबा आणला, कुणी केळी, कुणी नुसतंच बसून गेलं. जमातीतले एक बुजुर्ग दोनदा आले. आजारी माणसाला भेटायला जाणं ही सुन्नत आहे, हे आपल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण मरणाच्या दारातून परत आलेल्या एकवीस वर्षांच्या पोराची इयादत करायला कुणी आलं नाही. ज्यांना खरं माहीत होतं ते लाजेने आले नाहीत. ज्यांना माहीत नव्हतं ते डेंग्यू बरा झाला म्हणून आले नाहीत. मी गेलो, तो फतवा सुनावून आलो.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या मोहल्ल्यांत आत्महत्या रोखण्याचा एकच कार्यक्रम आहे, तो म्हणजे ‘हराम आहे’ हे वाक्य. या वाक्याने पोरं वाचत नाहीत, त्यांची तोंडं बंद होतात. आणि बाहेरून जे कार्यक्रम येतात, पोस्टर, पीपीटी, हेल्पलाइनचे स्टिकर, ते आपल्या गल्लीत शिरतच नाहीत, कारण ते आपल्यासाठी बनवलेलेच नसतात. दोन्हीच्या मधल्या फटीत पोरं पडतात.

‘आपल्यात असलं होत नाही’

पहिला आक्षेप मला माहीत आहे. मुसलमानांत हे प्रमाण कमी आहे, ईमान असलेला माणूस असं करत नाही. प्रमाण कमी आहे हे कागदावर खरं आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आत्महत्यांचा अहवाल दरवर्षी काढतो, पण धर्मनिहाय आकडे देत नाही. २०१४ चे तसे आकडे माहितीच्या अधिकारात बाहेर आले. त्यात देशाचा दर एक लाखाला १०.६ आणि मुसलमानांचा ७ होता. पण माझा मावसभाऊ या आकड्यात कुठे आहे? तो ‘अटॅक’मध्ये आहे. जिथे पोलीस, पोस्टमॉर्टेम आणि जनाज्याची नमाज या तीन गोष्टींच्या भीतीने घरचे लोक मरणाचं कारण बदलतात, तिथला आकडा किती खरा मानायचा? आणि समजा ७ खराच आहे. मग ती ७ घरं कुणाची?

हा भ्रम फक्त आपला नाही. अमेरिकेत कृष्णवर्णीयांबद्दल कित्येक दशकं हेच बोललं जायचं. आत्महत्या हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे चर्च आहे, आजी आहे, आपण याहून मोठी दुःखं सोसली आहेत. मग २०१८ मध्ये ‘जामा पेडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. ५ ते १२ वयाच्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये आत्महत्येचा दर त्याच वयाच्या गोऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट निघाला. डिसेंबर २०१९ मध्ये कृष्णवर्णीय खासदारांच्या गटाने ‘रिंग द अलार्म’ नावाचा अहवाल काढला. धोक्याची घंटा वाजवा, असंच त्याचं नाव. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या डॉ. रानिया अवाद आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मुसलमानांची पाहणी प्रसिद्ध केली. आयुष्यात कधीतरी जीव द्यायचा प्रयत्न केल्याचं सांगणारे मुसलमान ७.९ टक्के होते, प्रोटेस्टंट ५.१ टक्के. ‘आपल्यात असलं होत नाही’ हे वाक्य त्यांच्याही मशिदींत बोललं जायचं.

आणि आपण राहतो ते महाराष्ट्र. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यातल्या २२,७४६ महाराष्ट्रात, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. विद्यार्थी देशात १३,०४४ आणि त्यातले १,७६४ आपल्या राज्यातले. या राज्यातल्या शिकणाऱ्या पोरांच्या डोक्यावर जे ओझं आहे, ते नाव बघून बाजूला होत नाही.

भाषांतर म्हणजे बदल नव्हे

माझा मावसभाऊ ज्या कॉलेजात होता, तिथे मानसिक आरोग्यावर एक कार्यक्रम झाला होता. त्याच्या खोलीतल्या मित्राने मला नंतर सांगितलं. पाहुण्यांनी स्लाइड दाखवल्या. ‘नैराश्याची लक्षणे’, ‘भावनिक नियमन’, ‘समुपदेशकाशी संपर्क साधा’. शेवटी प्राणायाम. हा सगळा वेळ मावसभाऊ मागच्या बाकावर बसून होता. बाहेर आल्यावर मित्राला म्हणाला, “ये अपने लिए नहीं है रे.”

तो बरोबर होता. आपल्या घरात ‘नैराश्य’ हा शब्द कुणी उच्चारलेला तुम्ही ऐकलाय का? आपण म्हणतो, जी घबरा रा. दिल उचट गया. टेन्शन है. नींद नहीं लग री. अम्मी म्हणते, नजर लागली. फुफी म्हणते, बाहेरचं आहे, दर्ग्यावर घेऊन जा. मराठी शाळेत शिकलेला, घरी दखनी बोलणारा, मोबाइलवर इंग्रजी टाइप करणारा पोरगा स्वतःची वेदना कोणत्या भाषेत सांगणार आहे, हे विचारल्याशिवाय बनवलेला फॉर्म कोरा परत येतो. मग अहवालात लिहिलं जातं की प्रतिसाद मिळाला नाही.

शब्दांपलीकडेही आहे. त्या स्लाइडवर ताणाची कारणं होती परीक्षा, प्रेमभंग, पालकांच्या अपेक्षा. माझ्या मावसभावाला दोन विषय राहिले होते, ते त्यात बसतं. पण नाव ऐकल्यावर घरमालकाने खोली भाड्याने देत नाही म्हणून सांगितलं होतं, ते कुठे बसतं? दूर कुठेतरी काही घडलं की वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे फिरतं आणि त्यावर तो गप्प बसतो, ते कुठे? कर्जाच्या ॲपचे हप्ते चुकल्यावर व्याजाच्या पैशाला हात लावला म्हणून आधी मनातल्या मनात स्वतःलाच दिलेली शिक्षा, ती कुठे? आत्महत्येला एकच एक कारण कधीच नसतं आणि मी याच्यातल्या कशावरही त्याच्या मरणाचा ठपका ठेवत नाही. पण जे ओझं यादीतच नाही, ते पोरगं बोलून दाखवणार नाही.

शिकागोत डीपॉल विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ डब्ल्यू. लाव्होम रॉबिन्सन यांनी नेमकं याच ठिकाणी हात घातला. ताण हाताळायला शिकवणारा एक तयार अभ्यासक्रम होता, पण गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय मुलांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिलेला नव्हता. त्यांनी त्यात मुलांची भाषा घातली, वस्तीतली हिंसा घातली, वर्णभेद घातला. पोलीस अडवतो तेव्हा, दुकानदार मागे मागे फिरतो तेव्हा काय वाटतं, हे बोलायची जागा केली. पोस्टरवर काळा चेहरा छापून त्या थांबल्या नाहीत. आपल्याकडे मात्र ‘मुस्लिम समाजासाठी विशेष कार्यक्रम’ म्हणजे बॅनरवर हिरवा रंग, चंद्रकोर आणि स्टेजवर एक टोपी.

बसभाड्याचा प्रश्न

झिंबाब्वेतले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा सांगतात की त्यांची एक तरुण रुग्ण उपचाराला येऊ शकली नाही, कारण बसला पैसे नव्हते. ती गेली. त्यानंतर त्यांनी वस्तीतल्या आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकले. आज्या ‘डिप्रेशन’ म्हणत नाहीत. त्यांच्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणतात, म्हणजे फार विचार करणं. आपली अम्मी म्हणते ना, “बहुत सोचता है ये”, अगदी तेच. २०१६ मध्ये या बाकाची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. आज्यांशी बोलणाऱ्यांचा त्रास सहा महिन्यांनी नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होता.

फार लांब जायला नको. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात पुण्याच्या एका संस्थेने ‘आत्मीयता’ नावाचा प्रकल्प चालवला. गावातलीच माणसं निवडली, त्यांना ऐकायला शिकवलं. मोबाइलवर छोट्या फिल्म दिल्या, त्यात बेकारी, दारू, घरातले वाद अशा गावच्याच गोष्टी. कुणाला जास्त त्रास असेल तर त्याला डॉक्टरपर्यंत नेणं हेही याच माणसांचं काम. पेठमध्ये होतं ते इंदापुरात का होणार नाही?

बारामतीत सोयी नाहीत असं कुणी म्हणू नये. उपजिल्हा रुग्णालय आहे, २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापूरहून एसटीने दीड-दोन तासांत पोचता येतं. अंतर आहे ते गल्लीपासून एसटी स्टँडपर्यंतचं. ‘पागलों का डॉक्टर’ हा शब्द ओलांडून पोराला तिथवर कोण नेणार, हा खरा प्रश्न आहे.

दीन आडवा येतो, की आपण?

आता मौलानासाहेबांकडे वळतो, अदबीने. आत्महत्या हराम आहे यावर वाद नाही. पण सूरह निसामधली जी आयत (४:२९) त्यासाठी सांगितली जाते, तिचा शेवट अल्लाहच्या दयेवर होतो. मी मिंबरवरून ती मनाई शंभरदा ऐकली. तो शेवट समजावून सांगितलेला मला एकदाही आठवत नाही.

सूरह मरियममध्ये (१९:२३ ते २६) हजरत मरियम प्रसूतीच्या कळांत, एकट्या, बदनामीच्या भीतीत म्हणतात की याआधीच मी मेले असते तर बरं झालं असतं. त्यांना काय उत्तर मिळतं? दरडावणी नाही. दुःख करू नकोस, पायाशी पाणी आहे, झाड हलव, खजूर खा, पाणी पी, डोळे निवव. आणि लोक विचारायला आले तर आज बोलणार नाही असं सांग. म्हणजे आधी धीर, मग खाणंपिणं, मग लोकांच्या प्रश्नांपासून संरक्षण. मानसोपचाराचं कुठलंही प्रशिक्षण पहिल्या तासाला यापेक्षा वेगळं काय शिकवतं?

आणि जनाजा. “ऐसे की नमाज नहीं होती” हे वाक्य आमच्या घरासमोर उभं राहून एकाने म्हटलं होतं. मावसभावाच्या अटॅकचा जन्म त्या वाक्यातून झाला. हदीस आहे की अशा एका व्यक्तीची नमाज पैगंबरांनी स्वतः पढवली नाही. पण त्यावरून बहुसंख्य फुकहांनी नमाजच नाही असा अर्थ काढलेला नाही. मान्यवर माणसाने, इमामाने जरब म्हणून स्वतः बाजूला राहावं, बाकीच्यांनी पढावी, असा काढला आहे. आपल्याकडचे देवबंदी असोत की बरेलवी, दोघेही हनफी. आणि हनफी मसलकात ‘दुर्र-ए-मुख्तार’मधला फतवा गुस्ल आणि नमाज दोन्ही द्यावं याच बाजूचा आहे. ‘सहीह मुस्लिम’मध्ये तुफैल बिन अम्र यांच्या साथीदाराची हदीस आहे. आजारपण असह्य होऊन त्याच्या हातून हे घडलं, आणि पैगंबरांनी त्याच्यासाठी माफीची दुआ केली. मौलानासाहेब, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. मग गल्लीला का माहीत नाही?

आपल्यासारखे सुधारणावादीही यातून सुटत नाहीत. आपल्या शिबिरांत आपण पोरांना दोन गोष्टी देतो: बुरसटलेपणाला शिव्या आणि संविधानाची प्रस्तावना. दुसरी हवीच. पण रात्री दोन वाजता जीव नकोसा झालेल्या पोराला घरची तसबीह आधार वाटत असेल, तर ती आधी हिसकावून घेऊन मग त्याला ‘विवेकी बन’ म्हणणं हाही एक फतवाच आहे. मीही अशी भाषणं केली आहेत.

इयादत करा

जागतिक आरोग्य संघटनेचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. चेन्नई, कोलंबो, इराणमधलं करज, ब्राझील आणि चीन अशा पाच ठिकाणी, जीव द्यायचा प्रयत्न करून रुग्णालयात आलेल्या १,८६७ लोकांवर तो झाला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्याखेरीज तासभर बसवून नीट माहिती दिली, आणि पुढचे अठरा महिने फोन करून किंवा घरी जाऊन नऊ वेळा विचारपूस केली. कसा आहेस, झोप लागते का, कुठे दाखवायचं का. अठरा महिन्यांत या दुसऱ्या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू कितीतरी कमी निघाले.

नऊ वेळा विचारपूस. आपण तिला इयादत म्हणतो. ही परदेशातून आणावी लागत नाही, तिचं भाषांतर करावं लागत नाही, तिला निधी लागत नाही. आपल्याकडे ती आहेच. फक्त मुतखड्याला आहे, या दुखण्याला नाही.

म्हणून बारामती आणि इंदापूरच्या प्रत्येक जमातीकडे, प्रत्येक मंडळाकडे माझं मागणं आहे.

मशिदीने एकदा, जुम्याला, स्पष्ट सांगावं की आपल्या मोहल्ल्यात कुणाचाही जनाजा नमाजेवाचून जाणार नाही. ज्या दिवशी हे जाहीर होईल, त्या दिवसापासून घरांना खोटं बोलायची गरज कमी होईल. ‘हराम मौत’ हा शब्द आपल्या तोंडातून जावा. तो मेलेल्याला लागत नाही, त्याच्या आईला लागतो.

प्रत्येक मोहल्ल्यातून चार माणसं ऐकायला शिकावीत. ती मौलानाच असायला हवीत असं नाही. पोरींना अरबी शिकवणारी आपा, क्रिकेट टीमचा कॅप्टन, गॅरेजचा उस्ताद, सलूनवाला. पोरं मनातलं बोलतात ती यांच्याजवळ. त्यांनी सरळ विचारायला शिकावं: “मरने का खयाल आता है क्या?” विचारल्याने डोक्यात कल्पना घुसते ही समजूत खोटी आहे, विचारल्याने माणसाला बोलायची वाट मिळते. उत्तर ‘हां’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, शेतीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात टाकायच्या, आणि डॉक्टरकडे सोबत जायचं.

दवाखान्यात एमएलसीची नोंद होईल, तिला घाबरून उपचार टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की असा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे. जुनं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेसोबतच गेलं.

आणि जो वाचून घरी येईल त्याच्याकडे जा. शोरबा घेऊन जा. कारण विचारू नका, नसीहत देऊ नका. बसा. पुढच्या आठवड्यात परत जा. मग महिन्याने. नऊ वेळा मोजा.

हे वाचणाऱ्यांत कुणी असा असेल ज्याचा जी आत्ता घबरा रा, तर भाई, बहन, तू गुन्हेगार नाहीस आणि तुझं ईमान कमी झालेलं नाही. १४४१६ वर फोन लाव. सरकारची टेली-मानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठी-हिंदीत बोलता येतं. तो लागेपर्यंत घरातल्या किंवा खोलीतल्या एका माणसाला उठव आणि म्हण, माझ्याजवळ बस.

माझ्या मावसभावाने कुणाला उठवलं नाही. उठवलं तर काय ऐकायला मिळेल हे त्याला माहीत होतं. ते त्याला मी शिकवलं होतं, मोसंबीची पिशवी हातात घेऊन.